कवळीखालची जखम

वडगाव, बेळगाव
४ सप्टेंबर २०२५

मंगल,

थोरली बहीण म्हणून आशीर्वाद लिहायचा हक्क मला राहिला आहे की नाही, माहीत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बाजूला टाकलं नसशील तर एवढं वाच.

माझ्या तोंडात जखम आहे. वरच्या कवळीची कड उजव्या बाजूला जिथं गालाला लागते तिथं. मांसाची एक घडी वाढली आहे, हरभऱ्याच्या डाळीएवढी, आणि तिच्या बुडाशी चीर आहे. टाळू लाल झाला आहे. भाकरीचा पापुद्रा लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. तीन आठवडे झाले असतील.

तू निपाणीला दातांच्या दवाखान्यात सतरा वर्षं काम करतेस. डॉक्टर यायच्या आधी माणसांची तोंडं तू बघतेस. माझं बघ आणि सांग, ह्यांच्या तोंडात होती ती हीच का. मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते ऐकायचं नाही.

फोन केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. शिवाय कवळी काढली की माझं बोलणं समोरच्याला कळत नाही, आणि घातली की चार वाक्यांत दुखायला लागतं. कागदावर तसलं काही नाही.

अडीच वर्षांपूर्वी ह्यांच्या दहाव्याला जे झालं त्याबद्दल मी इथं लिहीत नाही. ते नंतर बघू. आधी जखम.

रक्षाला कळवू नकोस. पोर खानापुरात तिच्या घरी, शाळेतल्या शिकवण्यात रमली आहे. बापाचं सगळं तिनं डोळ्यांनी बघितलं आहे. पुन्हा नको.

जयवंता


वडगाव
१९ सप्टेंबर

मंगल,

तुझं पाकीट काल आलं. आत पत्र असेल म्हणून मी कात्रीनं कडेकडेनं कापलं. आत दवाखान्याचं कार्ड निघालं. मागं तुझ्या अक्षरात तीन ओळी. "सोमवार, सकाळी अकरा. झोपताना कवळी काढ. खळ लावू नको."

म्हणजे खळ तू विसरली नाहीस.

लावते, मंगल. अजून लावते. आम्हा नवराबायकोच्या कवळ्या तुझ्याच दवाखान्यात झाल्या, त्याला नऊ वर्षं झाली. धागा दातानं तोडून तोडून माझे दात गेले, आणि ह्यांचे तंबाखूनं. कवळ्या बसवताना तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले होते, हिरड्या झिजत जातात, वर्षातून एकदा येऊन दाखवत जा. आम्ही एकदाही आलो नाही. कवळी म्हणजे काही दुखणारा दात नव्हे, मग दाखवायचं काय, असं वाटायचं. कवळी तशीच राहिली आणि खालची हिरडी झिजत गेली. मग ती बोलताना खाली यायला लागली.

उपाय ह्यांनीच काढला. मागावरच्या ताण्याला लावायची साबुदाण्याची खळ शिजवून पातेल्यात निवत ठेवली होती. नासू नये म्हणून आपण तिच्यात मोरचूद टाकतो, ते टाकायच्या आधी ह्यांनी बोटभर घेतली, कवळीच्या आतून पसरली आणि दाबून बसवली. मग तोंड पुढं करून मला म्हणाले, "जयू, आता वढून बघ." मी ओढली. निघाली नाही. धाग्याला ताकद देणारी वस्तू दाताला का देणार नाही, असं म्हणायचे. आम्ही दोघं किती हसलो होतो. पुढं गल्लीतले चार म्हातारे वाटी घेऊन आमच्याकडं खळ न्यायला यायला लागले. शेजारचे शामूअण्णा तर लग्नाचं जेवण असलं की हमखास.

हातमाग विकून दोन वर्षं झाली. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या आहेत. मी पावरलूमवाल्यांना सुताच्या कांड्या भरून देते. खळ शिजवायचं आता काही कारण नाही. तरी दर चार दिवसांनी मी वाटीभर शिजवते, फक्त तोंडासाठी.

आणि कवळी मी कधीच काढत नाही. झोपतानाही नाही. ह्यांच्यासमोर कधी काढली नव्हती. आता घरात कुणी नाही, पण आरसा आहे.

आणखी एक. पहिल्या पत्रात तीन आठवडे लिहिलं ते खरं नाही. पाच महिने झाले. गुढीपाडव्याच्या पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा जिभेला लागली होती.

येत्या सोमवारी जमत नाही. नवरात्राच्या साड्यांची गडबड आहे, कांड्या द्यायच्या आहेत. त्याच्या पुढच्या सोमवारी येते.

जयवंता


वडगाव
३० सप्टेंबर

मंगल,

काल संकेश्वरला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं वाटलं होतं. उतरले नाही, एवढं माझ्या बाजूनं धर.

मी आत आले तेव्हा तू मास्क लावून ट्रेमध्ये हत्यारं मांडत होतीस. वर बघितलं नाहीस. "बसा. कवळी काढून ह्या वाटीत ठेवा," म्हणालीस. मग दिवा ओढलास आणि म्हणालीस, "तोंड उघडा."

तुझी वेणी मी घातली आहे, मंगल. मी तोंड उघडलं.

डॉक्टर तेजस्वी आपल्या रक्षाच्याच वयाच्या असतील. चांगल्या वाटल्या. आरसा फिरवत विचारलं, "आज्जी, कवळी रात्री काढता न्हवं?"

"काढते," मी म्हणाले.

तू वाटीतली कवळी उचललीस, उलटी केलीस, हातमोज्याच्या बोटानं आतला पिवळट थर खरवडलास आणि बोट डॉक्टरांपुढं धरलंस.

"हे काय लावलंय?"

"खळ," तू म्हणालीस. "साडीच्या ताण्याला लावत्यात ती. साबुदाण्याची."

मला वाटलं त्या हसतील. हसल्या नाहीत. "आज्जी, हे पीठच झालं की. ओल्या जागी पीठ ठेवल्यावर बुरशी धरणारच. तुमच्या टाळूवर तीच धरलीया. आणि ही बाजूची घडी कधीपासनं?"

"तीन आठवडे."

तू कागदावर लिहिलंस. खुर्चीतून मला दिसत होतं. तू 'पाच महिने' लिहिलंस.

"घरात कुणाला तोंडाचा कॅन्सर झालता?"

मी मान हलवली. नाही म्हणून. का हलवली ते विचारू नकोस. खुर्चीत आडवं पडलेल्या माणसाला खोटं बोलणं सोपं जातं.

तू ट्रे ठेवलास, आदळल्यासारखा. "ह्यांच्या मालकांना झालता," म्हणालीस. "जिभंच्या कडंला, कवळीपाशीच. अकरा महिने कुणाला दाखवलं न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग तुझ्याकडं. "मंगलआक्का, तुमी वळखता ह्यांना?"

"बेळगावच्या हाईत," तू म्हणालीस.

दोन आठवडे कवळी घालायची नाही, मलम टाळूला लावायचं, कवळी ब्रशनं घासून पाण्यात ठेवायची, आणि तेरा तारखेला परत यायचं, एवढं त्यांनी सांगितलं. कवळीचा त्रास असेल तर एवढ्यात उतरेल, नाही उतरला तर पुढचं बघू, म्हणाल्या. पुढचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

बाहेर बाकावर मी तासभर बसले होते. तू दोनदा दारात आलीस, पुढच्या माणसाचं नाव पुकारलंस आणि आत गेलीस.

जयवंता


वडगाव
१४ ऑक्टोबर

मंगल,

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकते आहे. परवापर्यंत पोचेल म्हणतात. शुक्रवारी मी खुर्चीत बसायच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं.

दोन आठवडे बिनदाताची राहिले. पदर तोंडावर धरून दूध आणायला जायची. शामूअण्णा वाटी घेऊन आले होते. "वैनी, वाईच खळ द्या की, पावणं यायची हाईत." मी नाही म्हटलं, खळीनं बुरशी होते म्हटलं. "निपाणीला एकदा जाऊन आलासा आन् डॉक्टरीण झालासा व्हय?" म्हणाले. मी त्यांना हाताला धरून उजेडात आणलं आणि तोंड उघडायला लावलं. त्यांचा टाळू माझ्यासारखाच लाल आहे. वाटी तशीच विसरून गेले.

काल डॉक्टर म्हणाल्या, "लाली गेली, बुरशी हटली. पर ही घडी हाय तेवढीच हाय, आणि बुडाची चीर मिटली न्हाय. तुकडा काढून तपासायला पायजे. शुक्रवारी या."

"दिवाळी होऊ दे," मी म्हणाले. "लेक यायची हाय."

तेव्हा तू मास्क खाली ओढलास.

"साखरपुडा होऊ दे," म्हणालीस. "मग लगीन होऊ दे. मग मांडवपरतणी होऊ दे. आता दिवाळी होऊ दे. आक्का, तुझं सगळं कधी व्हायचं हाय?"

अडीच वर्षांनी आक्का म्हणालीस, आणि शिवी द्यावी तसं. मी शुक्रवारची चिठ्ठी घेतली.

आता लिहिते ते ऐक.

रक्षाच्या साखरपुड्याला ह्यांनी मागं न्हाणीपाशी कवळी धुवायला काढली आणि तू ते तोंड बघितलंस. तू मला चुलीपाशी ओढलंस. "आक्का, दाजींच्या जिभंच्या कडंला जखम हाय. कडा टणक दिसत्यात. पंधरा दिवसांत मिटत न्हाय ती जखम घरात ठेवायची नसती," म्हणालीस. मी म्हणाले, शुभदिवशी असलं तोंडातनं काढू नगं. "मग मीच सांगते दाजींना," म्हणालीस. मी तुझा हात धरला. तू नको, मी सांगते, म्हणाले.

इथवर तुला ठाऊक आहे. मी काय सांगितलं ते तुला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी ह्यांना म्हणाले, "मंगलनं काल बघितलं न्हवं तुमचं तोंड. कवळीची कड लागतीया म्हणाली. वाईच घासून घ्या, बरं होतंय."

ह्यांचा चेहरा मोकळा झाला. म्हणजे त्यांनाही भीती होती, मला कधी बोलले नव्हते. "मेव्हणीनं पास केलं म्हणायचं," म्हणाले आणि कानस घेऊन कवळीची कड घासायला बसले. गुणगुणत होते. मी शेजारी कांड्या भरत होते. मला ते अजून दिसतं.

मग त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. शामूअण्णांना सांगितलं. वन्संना तर शहापूरला जाऊन सांगितलं, की मंगलनं बघितलंय, काय न्हाय.

असं का केलं, हे मी अडीच वर्षं स्वतःला विचारते आहे. एक सांगायचं तर लग्न ठरलेलं, सोयरे नवे. नवरीच्या बापाला रोग आहे म्हटल्यावर काय झालं असतं ही भीती. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. मला तुझा राग होता. मी चार इयत्ता न शिकलेली, रक्षाच्या पुस्तकांवर बोट ठेवून वाचायला शिकलेली, आणि तू निपाणीला नोकरी करणारी. माझ्या घरात, माझ्या सणाच्या दिवशी, माझ्या नवऱ्याच्या तोंडात काय आहे ते तू मला सांगत होतीस. आणि तू सांगितलं असतंस तर त्यांनी ऐकलं असतं. माझं ऐकून ते कुठंच गेले नसते. म्हणून त्या खोट्यात मी तुझं नाव घातलं.

लग्न झालं की खरं सांगू, असं ठरवलं होतं. एप्रिलमध्ये लग्न झालं. तोवर चार महिने झाले होते. आता सांगितलं तर आधी का लपवलंस म्हणतील. मग पाच महिने झाले, मग सहा. जेवढं लांबलं तेवढं अवघड झालं. नोव्हेंबरात त्यांचा जबडा उघडेना तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि मार्चमध्ये ते गेले.

दहाव्याला वन्सं सगळ्यांसमोर तुला म्हणाल्या, "दातांच्या दवाखान्यात पगार घेतीस आणि घरच्या माणसाचा रोग कळंना तुला? काय न्हाय म्हणून सांगितलंस माझ्या भावाला!"

तू माझ्याकडं बघितलंस. मी पदर नीट केला आणि भात वाढायला वाकले.

शुक्रवारी दुसऱ्या कुणाला दिवा धरायला सांगणार असशील तर सांग. मी समजेन.

जयवंता


वडगाव
१८ ऑक्टोबर

मंगल,

टाका दुखतो आहे, पण हात चालतो.

तू आलीस. दिवाही तूच धरलास. आधी कागद आला, कानडीत छापलेला, तुकडा काढायला माझी हरकत नाही असा. डॉक्टर म्हणाल्या, वाचून सही करा. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. तू कागद घेतलास आणि एकेक ओळ मराठीत करून सांगायला लागलीस. रक्त येऊ शकतं, सूज येऊ शकते, निकालात काही निघालं तर पुढचे उपचार करावे लागतील. 'काही निघालं तर' इथं तुझा आवाज थांबला, मग तू ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचलीस. मी सही केली. ह्यांच्या वेळी असल्या सगळ्या कागदांवर मी न वाचता, न विचारता सह्या केल्या होत्या.

सुई टोचली तेव्हा तू माझं कपाळ धरलं होतंस. बहीण म्हणून की कामाचा भाग म्हणून, ते विचारत नाही.

तू स्टँडवर जे सांगितलंस त्याचं उत्तर मला तिथं देता आलं नाही. तोंडात कापूस होता. आज देते.

तू म्हणालीस, "तुझं पत्र वाचलं. मला म्हाईत होतं, आक्का. साखरपुड्यानंतरच्या संक्रांतीला दाजींचा फोन आलता. तू म्हणालीस तसं कवळी घासून घेतली बघ, म्हणाले. मला तवाच कळलं तू काय केलंस ते. आणि मी काय म्हणाले? बरं दाजी, म्हणाले. तुझा शब्द नवऱ्यापुढं खोटा पडू नये म्हणून. म्हटलं, आक्काला उद्या फोन करून झापते. तुला केला, तू उचलला न्हाईस. मग मीबी सोडून दिलं. दहाव्याला वन्सं बोलल्या त्यात थोडं खरं हुतं, म्हणून मी गप बसले. राग तुझा न्हवता नुसता."

आणि मग म्हणालीस, रक्षाला यातलं काही सांगू नको, तिचा आप्पा काय परत येणार नाही, आपल्या दोघींतच राहू दे.

बसमध्ये मला आधी काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. माझ्या पापात वाटेकरी मिळाला म्हणून. हत्तरगीपर्यंत तसंच वाटत होतं. मग तुझा चेहरा आठवला. अडीच वर्षं तू हे एकटीनं धरलंस, वर वन्संचा शब्द झेललास, आणि मी लोकांना सांगत फिरले की मंगल येत नाही, तिला माणसं नकोत.

तुझा वाटा तुझ्यापाशी ठेव, मी तो घेऊ शकत नाही. पण तू 'बरं दाजी' म्हणालीस ते माझ्या खोट्यामुळं. मी खरं बोलले असते तर तुला तो फोन आलाच नसता.

निकालाला आठ दिवस लागतील म्हणाल्या. मी त्याच्या आधीच सांगणार आहे, रक्षाला आणि वन्संना. निकाल वाईट आला आणि मग सांगितलं, तर त्या रडतील आणि मला माफ करून टाकतील. मरणाऱ्या बाईला कोण बोल लावतं? आणि चांगला आला तर मी पुन्हा म्हणेन, होऊ दे, नंतर बघू. मी मला ओळखते.

पाडव्याला दोघी घरी असतील. तू अडवू नकोस.

जयवंता


वडगाव
२५ ऑक्टोबर

मंगल,

आज सकाळी तुझा फोन आला तेव्हा पाडव्याचं सांगायचं राहिलं. म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

पाडव्याला वन्सं शहापूरहून डबा घेऊन आल्या. रक्षा आदल्या दिवशीच आली होती. माझ्या तोंडात दात नाहीत बघून वन्सं म्हणाल्या, "चकली चहात भिजवून चघळ गं. तुझा दादला बी शेवटी असंच करायचा." मी चहा खाली ठेवला. म्हटलं, आता.

मी सांगितलं. दोन दिवस मनात घोळवलं होतं, तीन वाक्यं होती. पण दात नसल्यानं आणि टाका ओढत असल्यानं ती तोंडातच विरघळली. वन्सं म्हणाल्या, "काय म्हणतीस काय कळंना. कवळी घाल की."

कवळी घालायची मनाई आहे. मी पुन्हा सांगितलं, सावकाश. वन्संना तरी कळलं नाही. त्या कानावर हात धरून पुढं वाकल्या होत्या. पण मी रक्षाकडं बघितलं आणि तिला पहिल्याच वेळी कळलं होतं हे मला दिसलं. तिच्या हातात करंजी होती. ती तिनं ताटलीत परत ठेवली.

"आत्या," ती म्हणाली, "आई म्हणती, मंगलमावशीनं साखरपुड्यालाच सांगितलं हुतं की आप्पांची जखम वाईट हाय, दाखवा. आईनं आप्पांना उलटं सांगितलं. मावशीचं नाव घालून. काय न्हाय म्हणून."

माझी वाक्यं माझ्या लेकीनं म्हटली. स्वच्छ, एकही शब्द न गाळता. शाळेत पोरांना धडा वाचून दाखवते तशी.

वन्संनी कानावरचा हात खाली घेतला. मग म्हणाल्या, "आन् मी त्या पोरीला दहाव्याच्या पानावर बसून बोलले." मग डबा उचलला, चकल्या तशाच, आणि गेल्या. दारात वळून एवढंच म्हणाल्या, "तू माझ्या तोंडून बोलवलंस गं, जयवंता." तीस वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती.

रक्षानं मला एकच विचारलं. "आप्पांना शेवटपर्यंत कळलं न्हाय?" मी म्हणाले, नाही. "मग ते मावशीवर रागावून गेलं असतील," ती म्हणाली. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, मंगल. अडीच वर्षांत एकदाही नाही. मोठ्या दवाखान्यात असताना ते तुझ्याबद्दल काहीच बोलायचे नाहीत, आणि मला वाटायचं, दुखतं म्हणून बोलत नाहीत.

दुपारच्या बसनं ती खानापूरला गेली. भाऊबीजेला थांबणार होती, चुलतभाऊ ओवाळून घ्यायला येणार होता. थांबली नाही. मी तिला माझ्या तुकड्याचं सांगितलं नव्हतं. दारात सांगितलं, शनिवारी निकाल आहे म्हणून. तिनं ऐकलं आणि चपला घातल्या.

आणि आज तू म्हणालीस, "आक्का, साधी गाठ हाय. ढिल्या कवळीच्या कडंनं घासून घासून वाढलेलं मांस. दुसरं काय न्हाय. ती काढून टाकू, हिरडी बसली की नवी कवळी करू." आनंद झाला. खोटं कशाला लिहू, खूप झाला. देवापुढं साखर ठेवली.

मग कांड्या भरायला बसले आणि तारखा मोजल्या. सतराला तुकडा, पंचविसाला निकाल. आठ दिवस. एवढंच लागतं कळायला. ह्यांचे ते आठ दिवस मी अकरा महिने अडवून धरले.

थोड्या वेळापूर्वी रक्षाचा फोन आला.

"काय आलं?"

"साधी गाठ."

"बरं झालं," म्हणाली. मला तिच्या शाळेची घंटा ऐकू आली. मग म्हणाली, "मावशीचा नंबर पाठव." मी पाठवला.

ती तुला फोन करील, आजच करील. साखरपुड्याला तू काय बघितलंस, मला काय सांगितलंस, संक्रांतीला आप्पा तुला काय म्हणाले, सगळं विचारील. तुला माझी दया येईल. आक्का घाबरली होती, आक्काच्या मनात वाईट नव्हतं, असलं काही मधे घालावंसं वाटेल. घालू नकोस. ती विचारील तेवढं, विचारील तसं सांग.

तू एकदा माझा शब्द राखलास, मंगल. आता राखू नकोस.

जयवंता